गुडघ्यापर्यंतचा चिखल

तळवली
२४ नोव्हेंबर २०२५

तानीच्या गोष्टीचं गाइड लिहिणाऱ्या बाईंस,

तुमच्या गाइडच्या शेवटच्या पानावर छापलं आहे की वाचकांच्या सूचनांचे स्वागत आहे. खाली पुण्याचा पत्ता आहे. तर ही माझी सूचना. पान सव्वीस, प्रश्न चौथा. उत्तर चुकलं आहे.

मी तिसरी शिकले आहे. पत्र पुस्तकी भाषेत लिहावं आणि अनोळखी माणसाला तुम्ही म्हणावं असं गुरुजींनी तिसरीतच सांगितलं होतं, म्हणून एवढं तुम्ही तुम्ही केलं. आता पुरे. कव्हरवर तुझं नाव आहे, प्रा. जयमाला म्हात्रे. लग्न करूनही बापाचं आडनाव ठेवलंस म्हणून सापडलीस. मी येसूबाई. तुझी आय.

घरचा पत्ता जयदेवकडे असणार. तुझा भाऊ आहे, तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे फोनवर बोलत असणार. मी एकवीस वर्षं विचारलं नाही, आता एका गाइडपायी विचारू काय? म्हणून छापलेल्या पत्त्यावर पाठवते. तिथले लोक तुला देतील.

आता मुद्दा. जयदेवची मनस्वी नववीत आहे. यंदा जिल्ह्यातल्या साऱ्या शाळांनी प्रत्येक वर्गाला एकेक जुनी, नावाजलेली कादंबरी लावली आहे. नववीला तानीची गोष्ट. कादंबरीचं नाव लांबलचक आहे, मी तिला तानीची गोष्टच म्हणते. कादंबरी म्हणजे शाळेत एकच प्रत, तीही कपाटात. शिकवायचं गाइडवरून. मनस्वी म्हणाली, आजी, आम्ही पुस्तक न बघता पुस्तक शिकतोय. मला हे नवल वाटलं. मासा न बघता कालवण शिकवावं तसं. मी म्हटलं, ते पुस्तक घरी आण.

तिने आणलं. चौदा संध्याकाळी मी कोळंबी सोलत बसले आणि ती वाचत बसली. मला आवडलं. खाडीवरची गोष्ट आहे म्हणून नाही. लिहिणारा माणूस बघून लिहितो म्हणून.

मग परीक्षेत तुझा चौथा प्रश्न आला. तानी गाव सोडून होडीने निघाली तेव्हा तिची आई आवडाबाय धक्क्यावर का गेली नाही? मनस्वीने लिहिलं की ती गेली होती, फक्त धक्क्यावर नव्हे. पाचपैकी एक मार्क. तो एक कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणे अक्षर चांगलं आहे त्याचा.

मी शाळेत गेले. मंजुषा मॅडम म्हणून आहेत, साताऱ्याकडच्या, वयाने लहान. मी विचारलं, "मॅडम, ती बाय चिखलात का गेली, तुमाला म्हाईत हाय का?"

त्या म्हणाल्या, "आजी, मी उत्तर बनवत नाही. उत्तर यात आहे." आणि गाइड पुढे केलं. तसं तुझं नाव दिसलं.

उत्तर मी तिथेच तीनदा वाचलं. आवडाबाय निष्ठुर व मानी स्त्री आहे. पोटच्या मुलीपेक्षा तिला शेत महत्त्वाचे वाटते. तिच्या पायांचा गुडघ्यापर्यंतचा चिखल हे तिच्या रुतलेल्या, न बदलणाऱ्या मनाचे प्रतीक आहे. खाली कंसात मार्क कसे द्यायचे ते. निष्ठुर लिहिलं की एक, मानी लिहिलं की एक, प्रतीक लिहिलं की दोन.

आता कादंबरीत काय आहे ते ऐक. तानी गेली पौषाच्या अमावास्येला, दुपार कलल्यावर. लेखक लिहितो की संध्याकाळी आवडाबाय घरी आली तेव्हा तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत काळा चिखल होता. तिने पाय धुतले नाहीत, तशीच चुलीपुढे बसली. एवढंच. पुढे तो दुसरीकडे जातो.

पौषात भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. शेतं वाळून फुटलेली असतात. शेतात चिखल कुठला? आणि शेताचा चिखल तांबूस, काळा चिखल खाडीचा. बांधावरून खाली उतरलं की घोटाभर लागतो, तिवरं ओलांडली की पोटरीभर. गुडघ्याइतका फक्त धारेपाशी, जिथे होड्यांचं पाणी सुरू होतं. म्हणजे ती बाय बांधावरून उतरली आणि ओहोटीचं पाणी मागे सरेल तशी त्याच्यामागे चालत गेली, शेवटपर्यंत. धक्क्यावरून होडी वळणापर्यंत दिसते. धारेच्या तोंडाशी उभं राहिलं तर मोठ्या खाडीत पोचेपर्यंत दिसते. धक्क्यावर सारा गाव होता. त्या सगळ्यांपेक्षा तिने पोरगी जास्त वेळ बघितली.

हे मला तिसरीवालीला कळलं. तू या खाडीत वाढलीस. काळा चिखल आणि तांबडा चिखल तुला कळत नाही असं नाही. मग असं का लिहिलंस? टोमणा मारत नाही. खरंच विचारते आहे.

येसूबाई


तळवली
१० डिसेंबर २०२५

जयमाला,

तुझं उत्तर नाही आलं. पोस्टमन आपल्या गल्लीत आता आधार कार्डं आणि बँकेची पाकिटंच घेऊन येतो, मी पत्राचं विचारलं तर हसला.

मी थांबले नाही. मला तुझं गाइड पुरं बघायचं होतं. मंजुषा मॅडम म्हणाल्या, "नेऊ नका घरी, पण वर्गात येऊन बसा, मी शिकवते ते बघा." मार्गशीर्षाचा गुरुवार होता, घरात मासळी नव्हती, मला वेळ होता. शेवटच्या बाकावर बसले. बाक अजून तेवढाच अरुंद आहे.

बाय, तू मिनिटं लिहिली आहेस. पहिली पाच मिनिटं, विद्यार्थ्यांना समुद्राविषयी काय वाटते ते विचारा. अपेक्षित उत्तर, समुद्र अथांग असतो. मॅडमनी विचारलं. पहिल्या बाकावरची पोर म्हणाली, वास येतो. दुसरी म्हणाली, आमच्या बाबांची बोट तिथे असायची, आता कंटेनरच्या गोदामात जातात. कोणी अथांग म्हणेना. मॅडम गाइडमध्ये बघतात, पोरांकडे बघतात. शेवटी त्यांनीच फळ्यावर अथांग लिहिलं आणि पोरांनी उतरवून घेतलं. मला हसू आलं. पण विचारही आला. पोरांनी काय म्हणायचं ते आधीच लिहून ठेवायची ही कल्पना कोणाची? तुला पगार त्याचाच मिळतो का?

तास संपल्यावर मी मॅडमना हे विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, माझ्याकडे चार वर्ग, एकेका वर्गात साठ मुलं. त्यात निवडणुकीच्या याद्या. मी गावाकडे धरण बघितलंय, समुद्र नोकरी लागल्यावर बघितला. खाजण म्हणजे खारं पाणी शिरणारी जमीन, हे मला गाइडने सांगितलं. नाहीतर मी काय शिकवणार होते?"

हे मला पटलं. लिहून ठेवते, कारण मी नुसती चुका काढते असं तू म्हणायचीस. खाजणाची माहिती तू बरोबर लिहिली आहेस. बांध फुटला की तीन वर्षं भात येत नाही, हेही. ते पान वाचताना मला तुझ्या बाबांचा आवाज आला. ते असंच सांगायचे, बोटांवर मोजत.

म्हणजे तुला सगळं आठवतं. मग पान सव्वीसच चुकीचं कसं झालं?

मॅडमनी मला पोरांपुढे उभं केलं. चिखलाचं सांगा म्हणाल्या. मी घोटाभर, पोटरीभर, गुडघाभर सगळं सांगितलं, साडी वर धरून दाखवलं. पोरं हसली. मग एका पोरीने नीट प्रश्न विचारला. आजी, तिला बघायचंच होतं तर ती धक्क्यावर का नाही गेली? चिखलात कशाला?

मी म्हटलं, चार पानं मागे जा. आवडाबाय साऱ्या गावापुढे ओरडून बोललेली आहे की ही पोरगी मना मेली. असं बोलल्यावर धक्क्यावर कुठल्या तोंडाने जाईल? लोक तोंडाकडेच बघणार. चिखलात कोणी बघायला येत नाही.

मॅडमनी गाइड मिटलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला तुमचं पटतंय. पण पेपर दुसऱ्या शाळेतल्या बाईही तपासतात, सगळ्यांकडे हेच उत्तर आहे. गाइडवाल्या बाईंनी बदललं तर मी मनस्वीचे मार्क बदलीन." म्हणजे आता तुझ्यावर आलं.

घरी येताना मनस्वीने मला विचारलं, "आजी, आत्या गेली तेव्हा तू कुठून बघितलंस?"

मी तिला म्हटलं, चिंबोऱ्या फार महाग झाल्या आहेत या वर्षी.

येसूबाई


तळवली
२ जानेवारी २०२६

जयमाला,

तुझं पत्र आलं. कंपनीच्या कागदावर, टाइप करून. महोदया, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. साहित्यकृतीचे अनेक अर्थ संभवतात. नमुना उत्तर हे केवळ दिशादर्शक असते. कळावे.

मनस्वीकडून दिशादर्शकचा अर्थ घेतला. वाट दाखवणारं. मग वाट चुकीची दाखवलीस तर ते दिशादर्शक कसलं? आणि अर्थ दहा असू देत. चिखल एकच आहे.

हे सगळं मी तुला ऐकवणारच होते. पण कागदाच्या तळाला पेनाने एक ओळ आहे. अक्षर अजून तसंच आहे तुझं, उजवीकडे पडणारं. लिहिलं आहेस, आणि तू कुठे होतीस?

बरं. विचारलंस ते बरं झालं. एवढ्या वर्षांत दोघींपैकी कोणीतरी विचारायला हवं होतं.

तुझा साखरपुडा झाला होता. बोनकोड्याची माणसं घरी जेवून गेली होती. आणि तू म्हणालीस, मला पुण्याला शिकायला जायचंय, लग्न नको. मी दारात उभी राहून बोलले. काय बोलले ते तुलाही आठवतं, शेजारच्या मालतीबाईलाही आठवतं आणि तिच्यामुळे निम्म्या गावाला. आवडाबायने तानीला जे म्हटलं तेच मी तुला म्हटलं. मी तेव्हा ती कादंबरी वाचलेली नव्हती, नाहीतर वेगळे शब्द शोधले असते.

सकाळी जयदेवने तुझी बॅग उचलली आणि तुम्ही दोघं ठाणे-बेलापूर रोडला बसची वाट बघत उभे होतात. जयदेवने नंतर सांगितलं की बस तासभर आली नाही. तू सारखी गल्लीच्या तोंडाकडे बघत होतीस.

मी गल्लीत नव्हते. आडोशाला नव्हते. झाडामागे, भिंतीमागे, कुठेही नव्हते. मी कोपरखैरण्याच्या बाजारात बसले होते. टोपली पुढ्यात घेऊन. त्या दिवशी बोय मासळी चांगली आली होती. अकरापर्यंत सगळी खपली. घरी आले, तुझी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि जेवले. रडले नाही. पुढे रडले का, ते तुझ्या प्रश्नात नाही.

मनस्वीला मी हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी चिखलाचं एवढं सांगते म्हणजे मी कुठेतरी चिखलात उभी असणार. मी तिचा गैरसमज काढला नाही. ही माझी लबाडी. तुला कळवून ठेवते.

बाबा गेले तेव्हा तू आलीस. उभ्या उभ्या. मी चहा घे म्हटलं नाही, तू मागितला नाहीस.

तेव्हा ऐक. निष्ठुर आणि मानी हे तुझं उत्तर आपल्या घरापुरतं बरोबर आहे. पाचपैकी पाच घे. तू पान सव्वीस लिहायला बसलीस तेव्हा पुढ्यात कादंबरी नव्हती, मी होते. आता मला कळलं. पहिल्या पत्रात मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं, माझं माझ्यापुरतं समाधान झालं.

पण माझं उत्तर त्या बाईच्या नावावर टाकू नकोस. ती गेली होती. एवढ्या चिखलातून, पाणी मागे सरेल तशी पुढे. शंभर वर्षांनी तुझ्यासारखी शिकलेली बाई येते आणि साऱ्या जिल्ह्यातल्या पोरांकडून तिला निष्ठुर लिहून घेते. ती जिवंत असती तर तिने तुला काही म्हटलं नसतं. तिला बोलायची सवय नव्हती. म्हणून मी बोलते.

तुला विश्वास नसेल तर बघून घे. यंदा पौषाची अमावास्या अठरा तारखेला आहे, रविवार. बाराच्या सुमाराला भरती. तीनपर्यंत पाणी बरंच सरेल, काठ उघडा पडेल. जुना बांध अजून आहे, नव्या रस्त्याच्या पलीकडे, तिवरांच्या बाजूने वाट जाते. मी बोलावत नाही. पाण्याची वेळ कळवते.

येसूबाई


तळवली
२० जानेवारी २०२६

जयमाला,

काल सोमवारी मंजुषा मॅडमच्या मोबाइलवर तुमच्या कंपनीचा मेसेज आला. साऱ्या शाळांना गेलाय म्हणे. पान सव्वीस, प्रश्न चार, नमुना उत्तर काढून टाकावे. जागा रिकामी ठेवावी. शक्य असल्यास विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी खाडीवर न्यावे.

मॅडमनी मनस्वीला पाचपैकी चार दिले. मी विचारलं, एक कुठे गेला? तर म्हणाल्या, "आजी, शुद्धलेखन." मी भांडले नाही. तिचं शुद्धलेखन माझ्यावर गेलंय.

येत्या पुनवेला नववीचा वर्ग खाडीवर न्यायचं ठरलंय. मुख्याध्यापक पालकांच्या सह्या मागतात, पोरं बुडतील म्हणून. मी म्हटलं, बुडणार नाहीत, रुततील, आणि मी काढीन. मॅडम स्वतःसाठी गमबूट शोधत फिरतायत. त्यांना सांगितलं, गमबूट चिखलातच राहतो, पाय तेवढा वर येतो. अनवाणी या.

आता दुसरं.

आपल्या शेजारचा रूपेश रविवारी चिंबोऱ्या धरायला तिवरांत गेला होता. संध्याकाळी घरी येऊन म्हणतो, "काकी, आज धारेपाशी एक बाय उभी होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी बोल्लो, ताई, पानी फिरंल, वर या. ती बोल्ली, म्हाईत हाय मना. आपल्यासारखं बोल्ली. मग मी गप बसलो."

मी त्याला म्हटलं, तिवरांची मोजणी करणारी सरकारी बाई असेल.

त्या दिवशी मी गच्चीवर होते. बोंबील वाळत घातले होते, ते उचलायला गेले होते. समोर टॉवर झालेत, पण दोघांच्या मधून खाडीची एक पट्टी अजून दिसते. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही, लांबचं लख्ख दिसतं. पिवळा कुडता होता. आधी बांधाशी उभी होती बराच वेळ. मग उतरली. पाणी मागे गेलं की चार पावलं पुढे, थांबायची, परत चार पावलं. मोजून घेत होती. लहानपणी अभ्यास करायची तसं. गुडघ्याइतक्यात पोचली तेव्हा खाडीकडे तोंड करून राहिली. मग मागे वळली. तिथून मागे वळलं की आपलीच गच्ची दिसते. तिला काय दिसलं मला माहीत नाही.

मनस्वी वर आली होती. म्हणाली, "आजी, ती कोण गं?" मी म्हटलं, मला एवढ्या लांबचं कुठे दिसतंय.

तीनला वर गेले होते ती साडेपाचला खाली आले. बोंबील उचलायला दहा मिनिटं लागतात.

तू घरी आली नाहीस, बांधावरूनच परत गेलीस. रिक्षावाल्याने चिखलाच्या पायांनी कसं बसू दिलं कोण जाणे. मला राग आला नाही. एकदा मीही बाजारातच बसले होते.

काल सकाळी सुकतीला, पाणी पार ओसरल्यावर, मी धारेपाशी जाऊन आले. सत्तराव्या वर्षी जायला नको होतं, जयदेवला सांगू नकोस. तुझ्या पावलांचे खड्डे रात्रीच्या भरतीने बुजले होते. पण एका जागी चप्पल वर आलेली होती. डाव्या पायाची, तपकिरी, पट्ट्याला पितळी बक्कल. चप्पल घालून चिखलात उतरलीस. पाय सरळ वर उपसलास, म्हणून राहिली. किती वेळा सांगितलं होतं, आधी टाच हलवायची, चिखलात हवा शिरू द्यायची, मग पाय काढायचा. पुण्याला राहून तेवढंच विसरलीस.

धुतली. काळं निघायला तीन पाणी लागली. गच्चीवर वाळायला ठेवली आहे, उन्हात नाही, सावलीत. उन्हात चामडं तडकतं.

माझ्या पायाला ती मोठी होते आणि मला दोन पाय आहेत. कुरिअरने पाठवणार नाही, मला त्यातलं कळत नाही. उजवी तुझ्याकडे आहे. घालून ये.

येसूबाई